एकोणनव्वद वर्षांचा कागद

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं होतं. तसं ते माझ्या नावाने आलेलं नव्हतं, पण होतं माझ्याविषयीच. पाच महिने ते माझ्याच घडीत पडून होतं. उत्तर माझ्या अंगावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी गप्प होतो. कागदाला बोलता येत नाही, ही सबब माझी मलाच नीटशी पटत नाही.

मी एक जुना भाडेपट्टा आहे. काही इमारतींत घर आपलं असतं, पण खालची जमीन दुसऱ्याची. जमीन ज्याच्या ताब्यात असते तो घर ठरावीक वर्षांसाठी देतो आणि तसं लिहून देतो. ते लिहिणं म्हणजे मी. वर्षं संपली की घर त्याच्याकडे परत जातं. मुदत वाढवून मिळते, पण ती संपायच्या आत लेखी मागावी लागते.

मला एका वकिलाच्या लेखनिकाने लिहिलं. त्याचं अक्षर इतकं देखणं होतं, की माझ्या रुक्ष मजकुराला ते शोभतं का, अशी शंका मला अजून येते. मुदत त्याने आकड्यांत लिहिली नाही. "आकड्याला कोणीही शेपूट जोडतो," तो म्हणायचा. "अक्षरांत खाडाखोड केली की लगेच दिसते." इमारत बांधणाऱ्या संस्थेकडे खालची जमीन नव्वद वर्षांसाठीच होती, म्हणून तिने घर एक वर्ष कमी दिलं. लेखनिकाने टाक बुडवला आणि लिहिलं, 'एकोणनव्वद वर्षे'.

आधी मी एका घड्याळजीकडे होतो, मग त्याच्या जावयाकडे. तेव्हा पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. चाळीस वर्षांपूर्वी ते घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घेतलं. इमारतीत सगळे त्यांना काकू म्हणतात. कपाटात कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांखाली मला जागा मिळाली आणि हळूहळू सगळे मला विसरले. मी मात्र फटीतून काकूंना पाहत राहिलो. खिडकीपाशी यंत्र, गळ्यात टेप. माप घेतलं की त्या टेप पुन्हा लावायच्या.

"अहो, आत्ताच तर घेतलंत!" गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"ते हाताने घेतलं. आता डोळ्याने घेते."

त्यांनी शिवलेला कपडा उसवायला कधी परत आलेला मी पाहिला नाही.

मग संस्थेच्या ऑफिसातून ते पत्र आलं. 'आपल्या घराची मुदत सहा महिन्यांनी संपत आहे. वाढवून हवी असल्यास त्याआधी लेखी कळवावे.' काकूंनी यंत्र थांबवलं. शहात्तराव्या वर्षी यंत्र उचलून जायचं कुठे? त्यांनी भाच्याला बोलावलं. तो हुशार, पण आकडे दुसऱ्या भाषेत शिकलेला. त्याने माझ्यावरून झरझर नजर फिरवली.

"मावशी, नव्वद आणि वर नऊ. नव्याण्णव! अजून दहा वर्षं आहेत. ऑफिसवाल्यांचा घोळ आहे, तू निवांत राहा."

पत्र माझ्या घडीत गेलं. मला ओरडावंसं वाटलं, पण भाचा इतक्या खात्रीने बोलत होता, की क्षणभर मीच चुकत असेन असं वाटलं.

शेवटच्या महिन्यात, नऊ दिवस उरले असताना, काकू कागद घेऊन बसल्या. चूक ऑफिसची असली तरी पत्राला उत्तर द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. 'आपला हिशेब चुकला आहे' एवढं लिहून त्या थांबल्या. डोळ्याने माप घेतल्याशिवाय कात्री चालवायची सवय नव्हती. त्यांनी मला उलगडलं आणि एकेका अक्षराखालून बोट सरकवलं. बोट थांबलं.

त्यांनी फोन लावला. "अरे शहाण्या, एकोण म्हणजे एक कमी! एकोणीस म्हणजे काय एकोणतीस? शाळेत तुझा कान कोणी पिळला नाही वाटतं!"

"म्हणजे... नव्वदला एक कमी? मावशी, मग मुदत..."

"संपतेच आहे. रडू नकोस, येऊन या कागदाची छायाप्रत काढून आण."

त्या रडल्या नाहीत. लिहिलेलं फाडलं आणि नवीन कागदावर चारच ओळी लिहिल्या. मुदत वाढवून हवी आहे, मी इथेच राहते, इथेच काम करते, पोहोच द्यावी. माझ्या लेखनिकाला हेवा वाटावा इतकं नेमकं लिहिणं!

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही, उपदेश मला शोभत नाही. एवढंच सांगतो, घरातले जुने कागद वर्षातून एकदा उघडा आणि स्वतः वाचा. आम्हाला हाक मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मलाही पिशवीतून बरोबर नेलं, लागलोच तर हाताशी असावं म्हणून. टपाल कचेरीतल्या कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आजी, आत काय आहे?"

"घर," काकू म्हणाल्या.

तो हसला, पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.