क्षेत्रफळ तेवढंच

रविवारी दुपारी उज्ज्वलाने पहिल्या प्रश्नापुढे ‘नेहमी’ असं लिहिलं आणि घर सहा फुटांनी लांबलं. आवाज झाला नाही. टेबलाशी बसलेल्या तिला ओट्यावरचं दुधाचं पातेलं एकाएकी दूर दिसायला लागलं, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती हळूच जवळ आल्या.

श्रीरंगने खुंटीवरची शंभर फुटी टेप काढली आणि शून्याचं टोक बायकोच्या हातात दिलं. तो तालुक्याच्या मोजणी खात्यात मोजणीदार. जगबुडी आली तरी जावईबापू आधी पाण्याची खोली मोजतील, असं उज्ज्वलाची आई म्हणायची.

“अडतीस,” तो लांबून म्हणाला. मग त्याने आडवी टेप लावली. “सोळा फूट दहा इंच. आधी बत्तीस बाय वीस होतं.”

“अहो, घर वाढलं की!”

“वाढलं नाही. क्षेत्रफळ तेवढंच आहे, सहाशे चाळीस. लांबलं की अरुंद होणारच.”

एवढं बोलून तो परत येऊन बसला. कागद अजून एकोणपन्नास प्रश्न बाकी असल्यासारखाच पडला होता, आणि खरोखरच तेवढे बाकी होते.

कागद पाठवला होता उज्ज्वलाच्या भाचीने, ऋजुताने. ऑटिझम किंवा लक्ष टिकू न देणारं एडीएचडी आपल्यात आहे का, हे मोठ्या माणसांनी आणि जोडप्यांनी आपलं आपण चाचपून बघायची प्रश्नावली. दोन रकाने, एक तिचा, एक त्याचा. उत्तरं तीनच: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. “मावशी, हे निदान नाही हं,” ऋजुता फोनवर म्हणाली होती. “काही निघालं तर डॉक्टरांकडे जायचं. पण उत्तरं खरी लिही.”

खरं सांगायचं तर कागद श्रीरंगसाठीच मागवला होता. आपला रकाना उज्ज्वला त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून भरणार होती. दाराशी तिची बॅग भरून तयार होती. चार वर्षांपूर्वी आई गेल्याचा फोन आला, उज्ज्वला मटकन खाली बसली, आणि हा माणूस म्हणाला होता, “किती वाजता?” बस, एवढंच. ते दोन शब्द बाभळीच्या काट्यासारखे तिच्यात रुतले होते. कागदातून काही निघालं, तर त्याचं ते तसंच आहे म्हणून सोडून देता येईल. काहीच निघालं नाही, तर माणूस मुळातच कोरडा. मग तासगावला भावाकडे जायचं, ते कायमचं.

आणि घर लांबवलं कोणी, तर तिच्याच उत्तराने. ‘हातातलं काम अर्धवट टाकून तुम्ही दुसऱ्याकडे वळता का?’ दूध मंद आचेवर ठेवून ती प्रश्न सोडवायला बसली होती. नेहमी, दुसरं काय लिहिणार?

दुसऱ्या उत्तराला घर चव्वेचाळीस फूट झालं. नव्या जागेत भिंतीला एक फळी होती आणि तिच्यावर चहाचे कप होते, अर्धे प्यायलेले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि विसरलेला एकही कप चुकला नव्हता. उज्ज्वलाने एकाला बोट लावलं. चहा गरम होता. फळीखाली एकाच बाहीचे ब्लाउज हारीने टांगलेले होते. ती ब्लाउज शिवायची, आणि दुसऱ्या बाहीसाठी गावातल्या बायका तीन-तीन महिने चकरा मारायच्या.

शाळेत असल्यापासून तिला सगळे वेंधळी म्हणत आले होते. तिलाही वाटायचं, आपल्या हातून निसटलं ते मातीत गेलं. आणि इथे सगळं जपून ठेवलेलं होतं, वाट बघत.

तरी तिसऱ्या प्रश्नाला ती घाबरली. ‘वस्तू हरवता का?’ तिने लिहिलं, ‘कधीच नाही’. घर खटकन बत्तीस बाय वीस झालं. कप गेले, ब्लाउज गेले.

“हे खोटं आहे,” श्रीरंग म्हणाला. “परवा चष्मा तू फ्रीजमध्ये ठेवलास.” त्याने खिशातून खोडरबर काढून दिला.

तिने खोडलं आणि ‘नेहमी’ लिहिलं. कप परत आले. वाफ अजून निघत होती.

श्रीरंगची पाळी आली तेव्हा पेन्सिल बराच वेळ हवेतच राहिली.

“गर्दीत त्रास होतो का, असं विचारलंय. किती माणसांना गर्दी म्हणायचं?”

“अहो, लिहा की काहीतरी.”

“काहीतरी कसं लिहू? अकरापर्यंत चालतं.” त्याने ‘नेहमी’ लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरात ‘बारापासून’.

कुकरच्या शिट्टीला नेहमी. जेवणाची जागा बदलली तर, नेहमी. तिसावा प्रश्न ओलांडेपर्यंत घर एकशे साठ बाय चार झालं होतं. टेबल भिंतींमध्ये अडकलं, तेव्हा ते दोघं कागद आणि टेप घेऊन पुढे चालायला लागले. दूरच्या खिडकीतलं ऊन सबंध घरभर सरळ रेषेत येत होतं. एवढा लांब उजेड उज्ज्वलाने कधी घरात पाहिला नव्हता. ती आवाज न करता चालत होती, देवळात चालावं तशी.

एक्केचाळिसावा प्रश्न होता, ‘बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून बघता का?’

श्रीरंगने कसलीच चौकशी न करता ‘नेहमी’ लिहिलं. घर तीनशे वीस फूट झालं, आणि रुंदी उरली दोन. नव्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

उज्ज्वला वाचत निघाली. सुरुवातीला त्यांचा बघण्याचा कार्यक्रम होता. ‘तुम्ही मला आवडलात’ हे अकरा तऱ्हांनी लिहून खोडलेलं, आणि शेवटी न खोडलेलं एकच, ‘तुमचं दार पूर्वेला आहे.’ हेच तो तेव्हा बोलला होता. तिच्या मावश्या आठ दिवस हसत होत्या. मग भाजी, सण, वाढदिवस. ‘दमलीस का?’ हे शेकडो वेळा. त्यातलं तिने ऐकलं होतं, ते फार तर दहादा.

मग आई गेल्याचा दिवस आला. तिथे भिंत जवळजवळ काळी होती. ‘आई गेल्या, पण मी आहे’ खोडलेलं. ‘तुला जवळ घेऊ का?’ खोडलेलं. ‘मला त्या आवडायच्या’ दोनदा खोडलेलं. अशा चाळीस ओळी. सगळ्यांत खाली, न खोडलेली, ‘किती वाजता?’

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“तयारी. चाळीस झाल्या, एकही बरोबर वाटेना. तू रडत होतीस. वेळ संपली. खोडायची राहिली होती ती बोललो.”

“पण वेळ कशाला विचारायची?”

“दर वर्षी त्याच वेळेला तुझ्याजवळ बसायला.”

उज्ज्वलाला आठवलं. दर वर्षी त्या तारखेला तो दुपारी ऑफिसातून यायचा आणि तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या मशीनशेजारी खुर्ची ओढून गप्प बसायचा. चहा हवा असेल असं तिला वाटायचं. ती चहा करायची, त्याला द्यायची, आणि आपला कप अर्धा ठेवून दुसऱ्या कामाला उठून जायची.

तिला रडू फुटलं. आपलाच नवरा, आणि एवढी मोठी भिंत लिहून बसला होता. रडताना तिला त्याचंच नवल वाटत राहिलं.

पन्नासावा प्रश्न दोघांना मिळून एकच होता. ‘तुमचा जोडीदार तुम्हाला पूर्ण कळतो का?’

दोघांना हिशेब ठाऊक होता. ‘नेहमी’ असं खोटं लिहिलं की घर बत्तीस बाय वीस, टेबल मोकळं, आणि ही अक्षरं पुन्हा भिंतीच्या आत. श्रीरंगने पेन्सिल तिच्याकडे दिली. तिने लिहिलं, ‘कधीच नाही’.

भिंती पुढून आणि पाठीमागून दोघांना टेकल्या. आता आडवं होऊनच सरकता येत होतं. दाराशी बॅग गच्च रुतून बसली होती.

“किती झालं ते बघून येतो,” श्रीरंग म्हणाला. “शून्य धर. एक झटका म्हणजे ताणून धर. दोन म्हणजे सोड.”

हे तो एकोणीस वर्षं सांगत होता, आणि ती एकोणीस वर्षं पहिल्याच झटक्याला सोडत आली होती. तो सरकत गेला. आधी मुंगीएवढा दिसला, मग दिसेनासा झाला. शंभर फुटी टेप संपायला हवी होती. ती संपली नाही.

फार मागे कुठेतरी दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. उज्ज्वला हलली नाही. गाल त्या चाळीस ओळींना टेकवून तिने शून्य दोन्ही हातांनी धरलं.

एक झटका आला. तिने टेप ताणली.

दोन आले. तिने सोडली नाही.

बऱ्याच वेळाने तीन झटके आले. तीन झटक्यांचा अर्थ त्याने तिला कधीच सांगितला नव्हता.