तळहाताएवढा पोपट

चार सागवानी पट्ट्या आणि चार स्क्रू, एवढाच माझा देह. मित्रांनो, मला पँटोग्राफ म्हणतात. माझे एक टोक लहान चित्राच्या रेघेवरून फिरवले की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र मोठे करून काढते. किती मोठे, ते स्क्रू कोणत्या भोकात बसवला त्यावर ठरते. ऐकायला गंमत वाटते. रोज वाकून बघा, मग कळेल.

सोलापुरात शुक्रवार पेठेत सिद्धप्पा चादरींची नक्षी काढत. त्यांच्या पत्नीने, रत्नम्माने, तळहाताएवढ्या कागदावर एक पोपट काढला होता. तो मी चौकटीच्या कागदावर मोठा केला. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडली, पत्ते मागावर चढले, भोकांप्रमाणे धागे उचलले गेले आणि पोपट चादरीवर उतरला. बाहत्तर साली ती चादर घरोघरी दिसे. कौतुक पोपटाचे झाले. माझे कोण करणार?

पुढे कारखानदार अण्णारावांनी दुप्पट मोठा पोपट मागितला. मूळ कागद शोधायचा, माझे स्क्रू काढून हलवायचे, हे सिद्धप्पांच्या जिवावर आले. त्यांनी मोठा केलेलाच पोपट माझ्याखाली ठेवला. आधीच्या कागदावर मान केसभर हुकली होती. ती चूकही दुप्पट झाली, आणि माझा एक स्क्रू ढिला असल्याने तिच्यात नवी भर पडली. तशीच चादर विणली गेली.

"सिद्धप्पा, हा पोपट हाय का कोंबडी? गुरुवारपर्यंत नीट करा, न्हाईतर पुढची नक्षी दुसऱ्याकडं जाईल," अण्णाराव म्हणाले.

सिद्धप्पांचे तीस वर्षांचे काम हातचे जाणार होते. त्यांनी मला कोपऱ्यात फेकले. "ह्या लाकडानंच घात केला!"

फेकल्याचे नाही, त्या बोलण्याचे मला फार लागले.

रत्नम्माने मला उचलले. "लाकडाला का बोलता वं? चित्रावरनं चित्र काडत बसलं तर असंच व्हणार की. माजा कागद कुटं हाय?"

तिने ट्रंक उपसली. कागद तळाशी निघाला. माझे स्क्रू तिनेच मोठ्या मापाच्या भोकांत हलवले, ढिला होता तो आवळला आणि ती म्हणाली, "समदा पोपट नगा काडू. मान तेवडी काडा."

मी मूळ कागदावरून मान काढली. तेवढ्याच चौकटी पुसून भरल्या, तेवढेच पत्ते नवे पाडले. बुधवारीच चादर तयार झाली.

रत्नम्मा जाऊन आता दोन वर्षे झाली. माझे टोक फिरून फिरून तो कागद मानेपाशी फाटायला आला, म्हणून सिद्धप्पांनी तो काचेखाली बसवला आहे. पूर्वी तिच्या पेन्सिलीची खोलगट रेघ मला वाट दाखवी. आता रेघ दिसते, पण टोकाला लागत नाही. मी थकलो आहे, सांधे करकरतात. मित्रांनो, कुणी माझा स्क्रू आवळला तर बरे वाटेल. पण त्याआधी मूळ कागद जपा. त्यावरून हवा तेवढा मोठा पोपट मी काढून देईन. रत्नम्माचा हात मात्र मला काढता येत नाही.