हेक्टर डथीची पितळी पाटी

आमच्या पोर्टस्केरीच्या संघात हेक्टर डथी सतरा वर्षं मधल्या बचावफळीत उभा होता. ‘खेळला’ म्हणायलाही हरकत नाही, पण ‘उभा होता’ हे जास्त अचूक आहे. चेंडू आला की तो समुद्राच्या दिशेने मारायचा. वारा आमच्या बाजूचा असला तर चेंडू मासळीच्या शेडवर जाऊन पडायचा. नसला तर परत हेक्टरकडेच यायचा आणि हेक्टर तो पुन्हा मारायचा. आमचे प्रशिक्षक याला डावपेच म्हणत.

तो पगारी खेळाडू होता. पण त्या पगारात घर चालणं शक्य नसल्यामुळे आठवडाभर तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात असायचा. तिथेही त्याच्याकडून फारशा हालचालीची अपेक्षा नव्हती.

या सतरा वर्षांत त्याने एकही गोल केला नाही. म्हणजे समोरच्या जाळ्यात केला नाही. आपल्या जाळ्यात पुष्कळ केले, आणि त्यातले दोन तर फार देखणे होते. ग्लासगोहून आलेल्या एका निवड-समितीवाल्याने त्यातला एक पाहून, हा आघाडीला का खेळत नाही, असं विचारलं होतं.

एक गोल मात्र झाला होता. ब्लेअरनेथीविरुद्ध कॉर्नरवरून आलेला चेंडू हेक्टरच्या डोक्याला लागला आणि आत गेला. हेक्टर आनंदाने इतका गोंधळला की चुकीच्या संघातल्या लोकांना मिठ्या मारत सुटला. अर्ध्या तासाने समुद्रावरून धुकं आलं, गोलरक्षक दिसेनासे झाले आणि रेफरी ट्वीडी यांनी सामना रद्द केला. रद्द सामन्यातले गोलही रद्द होतात. पुढच्या बुधवारी सामना पुन्हा झाला, तेव्हा हेक्टरच्या डोक्याला फक्त ब्लेअरनेथीवाल्याचं कोपर लागलं.

तेव्हापासून ट्वीडी दिसले की हेक्टर एकच वाक्य बोलायचा. “साहेब, माझा गोल?”

ट्वीडी बँकेत मॅनेजर होते आणि चर्चच्या वडीलमंडळात होते. हसणं त्यांनी कर्जदारांसाठीसुद्धा कधी खर्च केलं नव्हतं. ते म्हणायचे, “धुक्यात गेला.”

हे असंच चालू राहिलं असतं. पण आमच्या क्लबचे अध्यक्ष लॉरिमर हे गावचे अंत्यविधीवाले. शवपेट्या, फुलं, काळी गाडी आणि पेटीवरची पितळी पाटी, सगळं तेच करतात. पाटीवरची अक्षरं स्वतः कोरतात आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. एका शनिवारी, आम्ही नेहमीप्रमाणे हरल्यावर, क्लबच्या बारमध्ये ते म्हणाले, “हेक्टर, तुझ्या पाटीवर काय कोरू रे? आत्ताच सांगून ठेव. ‘आला, आडवा आला, गेला’, चालेल?”

सगळे हसले. हेक्टरही हसला. पण ग्लासातली बिअर अर्धी ठेवून तो घरी गेला, आणि पोर्टस्केरीत माणसाने बिअर अर्धी ठेवली की शेजारी डॉक्टरला फोन करतात.

घरी त्याने बायकोला सांगितलं, “आयलसा, मला एक गोल पाहिजे.”

“तुला एक गुडघा पाहिजे,” आयलसा म्हणाली.

“गुडघ्याचं पाटीवर लिहीत नाहीत.”

दहा वर्षं एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला आमच्याकडे सन्मानाचा सामना मिळतो. हेक्टरला तो सात वर्षं उशिरा मिळाला, कारण तो निघून जाईल असं समितीला वाटत होतं. या सामन्याचा एक रिवाज आहे. शेवटच्या दहा मिनिटांत रेफरी पेनल्टी देतो, सत्कारमूर्ती ती मारतो, पाहुणा गोलरक्षक दुसऱ्या बाजूला पडतो, लोक रडतात आणि उरलेल्या मटणाच्या पाई संपतात. याला कोणी लबाडी म्हणत नाही.

फक्त हेक्टरने हट्ट धरला, की रेफरी ट्वीडीच हवेत. धुकं ज्याचं, गोल त्यानेच द्यायचा.

लॉरिमर बँकेत गेले.

“मी आयुष्यात खोटी पेनल्टी दिलेली नाही,” ट्वीडी म्हणाले.

“चुकीच्या दिल्यात की पुष्कळ.”

“चुकीच्या वेगळ्या. त्या मी मनापासून दिल्या.”

“अहो ट्वीडीसाहेब, म्हातारा झाला तो. एक द्या आणि सुटा. रोज रस्त्यात अडवतो ना तुम्हाला?”

ट्वीडींनी प्रार्थना करून सांगतो म्हटलं. रविवारनंतर निरोप आला: परमेश्वराने हरकत घेतलेली नाही, मात्र खेळाडूने मैदानावर माझ्याशी नीट वागावं.

हेक्टरने बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर आठवडाभर सराव केला. बाजाराची पिशवी हातात घेऊन आयलसा गोलरक्षक म्हणून उभी राहायची आणि ठरल्याप्रमाणे हेक्टरच्या डावीकडे सरकायची. “उजवीकडे मार,” ती म्हणायची, “उजवीकडे, म्हणजे ज्या हातात तू पाई धरतोस तिकडे.” शुक्रवारपर्यंत त्याला जमायला लागलं. लॉरिमर यांनी तर पाटीही कोरून ठेवली: ‘हेक्टर डथी. याने गोल केला.’ सामना संपल्यावर भाषण करून ती द्यायची होती. पितळ नेहमीचंच होतं, मापही नेहमीचंच.

ग्लासगोच्या एका मोठ्या क्लबने आपला पहिला संघ पाठवायचं कबूल केलं होतं. त्यांनी एक बस, अकरा कोवळी पोरं आणि मालिशवाला पाठवला. गाव तरीही लोटलं. हेक्टर मैदानात आला तेव्हा लोक उभे राहिले. काही जण आधीपासूनच उभे होते, कारण आमच्याकडे बसायला एकाच बाजूला जागा आहे.

सामना मैत्रीचा होता. तसं पाहुण्यांना सांगितलं होतं, हेक्टरलाही सांगितलं होतं. पाचव्या मिनिटाला ग्लासगोचा एक पोरगा चेंडू घेऊन त्याच्या बाजूने पुढे गेला. नंतर चेंडू पुढे गेला आणि पोरगा मालिशवाल्याकडे गेला.

“हेक्टर!” आयलसा बाकांवरून ओरडली. “पाहुणा आहे तो!”

“तो माझ्या बाजूने गेला,” हेक्टरने तिला ओरडून उत्तर दिलं.

ट्वीडींनी पिवळं कार्ड दाखवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “डथी, आज तरी.”

“हो साहेब,” हेक्टर म्हणाला. त्याच्या तोंडी हे दोन शब्द एकत्र आम्ही पहिल्यांदाच ऐकले.

मग सगळं सुरळीत चाललं. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा लॉरिमर यांनी रुमाल हलवला आणि आमचा आघाडीवीर केनी रॅट्रे ग्लासगोच्या गोलसमोर जाऊन पडला. केनी पडण्यात हुशार आहे, पण त्या दिवशी त्याने कमाल केली. त्याच्या सगळ्यात जवळचा विरोधी खेळाडू इतका लांब होता की त्याला पाडायचं तर आधी पत्र पाठवावं लागलं असतं. केनी तीन वेळा लोळला आणि पोटरी धरून आईला हाक मारू लागला.

ट्वीडींनी डोळे मिटले, शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट केलं. गाव ओरडलं. बॅगपाइपवाल्याने वाद्याची पिशवी काखेत घेतली.

आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, दोन्ही हात पसरून, हेक्टर धावत येताना दिसला. इतक्या वेगात त्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

“पेनल्टी? ही? आंधळे आहात का?”

ट्वीडींना वाटलं, नाटकाचा भाग आहे. ते हळूच म्हणाले, “अरे, तुझी आहे ती.”

“कोणाचीही असू दे! ऊठ रे केनी, लाज वाटत नाही? हात तरी लागला का कोणाचा तुला?”

“लेका, गप बस ना,” केनी पडल्या पडल्या म्हणाला. “तुझ्यासाठी पडलोय.”

तेव्हा हेक्टरला आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर सगळ्या गावाला स्पष्ट दिसलं: हात खाली आले, तोंड उघडं राहिलं, त्याने पेनल्टीच्या खुणेकडे पाहिलं, मग उजवीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्याने फक्त ‘माफ करा’ म्हणायचं होतं. पण रेफरीशी वाद घालायला धावलेला पोर्टस्केरीचा माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरल्याची आमच्या गावात नोंद नाही.

“नव्हतीच पेनल्टी,” तो म्हणाला. या वेळी आवाज लहान होता.

“डथी,” ट्वीडी म्हणाले, “तुझ्यापायी मी आज माझं नाव घालवलंय.”

“धुक्यात गेलं असेल,” हेक्टर म्हणाला.

दुसरं पिवळं कार्ड, आणि त्याच्या मागोमाग लाल. स्वतःच्या सन्मानाच्या सामन्यातून हाकलला गेलेला माणूस आम्ही डोळ्यांनी पाहिला. टाळ्या मात्र खऱ्या वाजल्या.

पेनल्टी केनीने मारली. पाहुणा गोलरक्षक कबूल केल्याप्रमाणे डावीकडे पडला. हे कोणी केनीला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने चेंडू डावीकडेच मारला, थेट त्या बिचाऱ्याच्या पोटावर.

“बघा!” बाहेर जाता जाता हेक्टर वळून ओरडला. “नव्हतीच!”

संध्याकाळी बारमध्ये लॉरिमर यांनी पाटी टेबलावर ठेवली. हेक्टरने ती हातात घेऊन वाचली, आणि बराच वेळ वाचत राहिला. मजकुराच्या मानाने जरा जास्तच.

“हे खोटं आहे,” तो म्हणाला.

“पितळ वाया जाऊ देत नसतो मी,” लॉरिमर म्हणाले. “ठेवून देतो. तुझी वेळ आली की लावू. तेव्हा तू थोडाच तक्रार करणार आहेस.”

“करेल,” आयलसा म्हणाली.

कोपऱ्यात ट्वीडी एकटेच बसले होते. हेक्टर आपली बिअर घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसला. “साहेब, खरं सांगा. होती का?”

“नव्हती,” ट्वीडी म्हणाले.

सतरा वर्षांत रेफरीने त्याचं पहिल्यांदाच मान्य केलं होतं. हेक्टर उठला आणि पाटी घेऊन लॉरिमरकडे गेला. “खाली जागा आहे. लिहा.”

“काय लिहू?”

“‘पेनल्टी नव्हती.’”

लॉरिमर यांनी सोमवारी कोरलं. पाटी आता बारच्या मागे टांगलेली आहे, वेळ येईपर्यंत. वरची ओळ मोठी आणि खोटी आहे, खालची बारीक आणि खरी. नवा माणूस आला की हेक्टर त्याला खालचीच ओळ वाचायला लावतो, आणि आपला ग्लास रिकामा करूनच घरी जातो.