छपरावरच्या पत्र्याची साक्ष

मी सिमेंटचा पत्रा बोलतोय. लाटालाटांचा, करडा, दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात, चढावरच्या एका गल्लीत पिलसुनताईच्या छपरावर आयुष्य काढलेला. शपथेवर सांगतो, मी जन्मात खोटं बोललो नाही. पत्र्याला जीभच नसते, तर तो खोटं बोलणार कसा? आता जीभ नसताना हे सगळं बोलतोय कसा, ते मात्र विचारू नका. आणि 'जन्मात' म्हणालो, तेही जरा जास्तच झालं.

सिमेंटच्या राबडीत ॲस्बेस्टॉसचे पांढरे तंतू कालवले, दाबले, वाळवले, की झालो मी. त्या काळी काय थाट होता आमचा! गवताची छपरं उतरवून घरोघर आम्हाला चढवत होते. जळत नाही, कुजत नाही, उंदीर पोखरत नाही. जावयासारखा मान होता.

त्याच तंतूंचा धागा पिलसुनताई कातायची. उतारावरच्या कारखान्यात सतराव्या वर्षी लागली ती बारा वर्षं राहिली. संध्याकाळी घरी यायची ती केस पांढरे करून. शेजारणी हसायच्या, "अगं, लग्नाआधीच म्हातारी झालीस की!" ती अंगणात डोकं झटकायची आणि जेवायला बसायची.

एकोणऐंशीच्या वसंतात कारखान्याची सहल निघाली आणि माझं नशीब उघडलं. आणला होता मला ताईच्या छपरासाठी, पण पोरींनी तवा म्हणून ओढ्याकाठी नेलं. तेव्हा पद्धतच होती तशी. पत्रा दगडांवर ठेवायचा, खाली जाळ लावायचा आणि वर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या अंथरायच्या. चरबी माझ्या खाचांतून ओघळून जायची, मांस कसं कुरकुरीत व्हायचं! माझ्या अंगात विष आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी तापून तडतडत होतो आणि पोरी बोटं चाटत म्हणत होत्या, "लोखंडी तव्याला ही चव नाही बाई!"

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. मागे कारखान्याच्या नावाचा फलक, पुढे धूर आणि पोरी. नेमका त्याच क्षणी दोकजाचा तुकडा नाहीसा झाला. ही पिलसुनताईच्या शेजारच्या यंत्रावरची, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. शेवटचा तुकडा तिनं कोपऱ्यात खास राखून ठेवला होता.

"ताई, तू खाल्लास!"

"मी? मी तर धुरात डोळे चोळत होते!"

हे भांडण तेहतीस वर्षं चाललं. दर नववर्षाला दोकजाचा फोन यायचा, "वर्ष सुखाचं जावो, चोर." आणि ताई म्हणायची, "तुझंही जावो, खोटारडे."

मग ताईला धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढलं, तपासलं आणि विचारलं, "आजी, कधी ॲस्बेस्टॉसचं काम केलंत का?" फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होता. तीस-तीस वर्षं दबा धरून बसतो म्हणे. ताई घरी आली, अंगणातल्या लाकडी बाजेवर बसली आणि वर बघून मला म्हणाली, "तूही त्याच घराण्यातला ना रे?"

जुन्या कामगारांच्या संघटनेनं बान वकीलबाईंना पाठवलं. तरतरीत पोरगी. म्हणाली, "आजी, भरपाईचा अर्ज करू. पण तुम्ही तिथं काम केल्याचा पुरावा हवा. कारखाना बंद, कागद गेले रद्दीत. तुमच्याकडे काही आहे?"

"बारा वर्षं धूळ खाल्ली गं, पावती घ्यायची तेवढी राहिली बघ!"

बिस्किटांच्या डब्यातून तो फोटो निघाला. फलक स्पष्ट, साल स्पष्ट. पण ताईचा चेहरा? पार धुरात! धुरातून फक्त एक हात बाहेर आला होता, जेवायच्या काड्यांत मांसाचा तुकडा धरलेला.

"हा हात कुणाचा?" वकीलबाईंनी विचारलं. ताई एकदम माझ्याकडे, म्हणजे आभाळाकडे बघायला लागली.

साक्षीला दोकजाला बोलावलं. संत्र्यांची पिशवी घेऊन ती आली, चष्मा लावला, फोटो नाकाशी नेला आणि ओरडलीच.

"वकीलबाई, मनगट बघा! चंद्रकोरीसारखा डाग. यंत्राच्या पट्ट्यानं पोळलेला, मीच मलम लावलं होतं. आणि काड्यांत काय आहे? माझा तुकडा!"

ताईनं गुपचूप बाही खाली ओढली.

"नीट विचार कर हं, ताई," दोकजा म्हणाली. "चोर नसशील, तर त्या कारखान्यातली कामगारही नव्हतीस."

मग ताईनं बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात पुढे केला. "हो गं बाई, खाल्ला. काय कुरकुरीत होता!"

दोकजा आधी हसली, मग तिनं ताईचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि रडली. नाक पुसत म्हणाली, "लिहा हो वकीलबाई. तेहतीस वर्षं चोर शोधत होते, आज सापडला. हिच्या शेजारी बसून मीही धागा काढलाय. कुठं सही करू?"

"सही नंतर. आधी तुम्ही छातीची तपासणी करून घ्या," वकीलबाई म्हणाल्या. दोकजानं केली. सुदैवानं ती ठणठणीत निघाली.

शरदात मंजुरीचं पत्र आलं. आजार काही गेला नाही, पण औषधपाण्याची ददात मिटली. आणि हे दुखणं तिच्या नशिबानं नाही, कारखान्याच्या धुळीनं दिलंय, हे शिक्क्यासकट कागदावर आलं. त्या दिवशी अंगणात मांस भाजलं, लोखंडी तव्यावर. शेवटचा तुकडा ताईनं उचलून दोकजाच्या वाटीत ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. मला पाण्यानं भिजवलं, न फोडता अलगद उतरवलं आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. तिथूनच बोलतोय. तुमच्या छपरावर माझा भाऊबंद असेल, तर त्याला भोकं पाडू नका, हातोडा मारू नका, त्याचा फुटका तुकडा चुलीपाशी नेऊ नका. आणि कधीकाळी असल्या धुळीत राबला असाल, तर डॉक्टरला ते आवर्जून सांगा, वकिलाला भेटा, जुने फोटो जपा. चेहरा नसला तरी हात असतो.

आता शपथ घेतलीय म्हणून कबूल करतो. फोटोतला पत्रा मी नव्हे. तो कोण कुठला, मला ठाऊक नाही. मी तेव्हा छपरावरच होतो आणि पुढेही पावसागणिक थोडा थोडा झिजून तिच्याच अंगणात पडत राहिलो. पण म्हटलं, एकदा तरी आपली साक्ष तिच्या बाजूनं पडावी.

बाकी सगळं खरं. हां, तो लोखंडी तव्यावरचा शेवटचा तुकडा सोडून. तोही पिलसुनताईनंच खाल्ला. दोकजा ओरडत होती, आणि ही तोंड भरून हसत होती.