चुंबकाविना मोटर

'पांढऱ्या कापसाले माह्या रगताचं बोट,
लेकीच्या हाताले नोको लागू ही खोट…'

हिवरखेडच्या वावरात कापूस वेचता वेचता गोदाबाई गायची. सात वर्षांची दामिनी मागून चालायची. आईचा तो आवाज तिला अजून ऐकू येतो. त्यापायीच मोठेपणी तिनं अकोल्यात पत्र्याच्या शेडमध्ये कापूस वेचायचं हातयंत्र बनवलं. सोबतीला भागीदार नितेश. मोटर मात्र परदेशी. नितेशचा हट्ट, चुंबकाविना फिरणारी मोटर आपणच करू. तीन वर्षं तो तांब्याची तार गुंडाळत राहिला.

मग आयात शुल्क उतरलं. परतवाड्याच्या बाजारात बाहेरचं यंत्र निम्म्या भावात आलं, आणि यांच्या ऑर्डरी आटल्या. त्यात नितेशची मोटर जोडून पाहिली, तर फिरलीच नाही.

"तुया तारेनं पोट भरते का?" दामिनी बोलून गेली. दुसऱ्या दिवशी नितेश नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत लागला.

त्याला दोन वर्षं झाली. यंदा बाहेरच्या देशानं मोटरीत लागणारं चुंबकच अडवलं. विकत आणलेली यंत्रं बदली मोटरीवाचून पडून राहिली, आणि सरकार देशी मोटरीला अनुदान देतो म्हणू लागलं. इकडे बोंडं फुटली. उद्या सीतादही, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच पहिली वेचणी. गोदाबाईनं बजावलं, "नितेश आल्याबिगर मी दही कालवत नाही."

पाळी सुटली तेव्हा दामिनी गिरणीच्या फाटकाशी उभी होती. नितेशच्या केसांत कापसाची पिंज.

"अरे वा, मॅडम! इकडं काहून?"

"तुले न्यायले आली."

"अनुदान निघालं म्हणून आठवलो? उद्या शुल्क पुन्हा उतरलं, तर पुन्हा याच गिरणीत धाडशीन मले?"

तिनं पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मोटर काढली. त्यानं आजाऱ्याची नाडी पाहावी तसा मोटरीच्या दांड्यावर अंगठा ठेवला.

"मेली होती ना हे?"

"नाही." दामिनी म्हणाली. "तू गेला त्याच सांजी खोलून पाह्यली. तार सुलटी केली, तं भिंगरीवानी फिरली. पाहायले तूच नव्हता. कितीदा फोन लावला, अन् घंटी वाजायच्या आधी कापला. तुयी मोटर चांगलीच होती, नितेश. तार उलटी मीनंच जोडली होती."