माईच्या हातातली पिवळी छत्री

मित्रांनो, माझे कापड आता पिवळे म्हणण्यासारखे राहिलेले नाही. एक काडी मोडली होती, ती तारेने बांधलेली आहे. उघडताना मी कुरकुरते आणि मिटताना अडून बसते. तरीही मी छत्रीच आहे, आणि समुद्राकाठच्या आमच्या वस्तीत आलेले कितीतरी पाहुणे माझ्या मागून चाललेले आहेत. आज तुम्हांला माझी हकीकत सांगते. माझी म्हणजे खरे तर माईची.

एका अरुंद दुकानाच्या माडीवर माझा जन्म झाला. छत्र्या करणाऱ्या कारागिराला जरा कमी ऐकू यायचे. गिऱ्हाईकाने चांगली मोठी, निळी छत्री सांगितली होती. त्याने ऐकली पिवळी. झाले! गिऱ्हाईक पाय आपटत निघून गेले आणि मी दुकानाच्या दारात धूळ खात लटकत राहिले. येणारे-जाणारे मला पाहून हसत.

मग एक दिवस माई आली. उंच, सडपातळ, मोठ्या आवाजाची बाई. तिने मला उघडले आणि दुकानातला उजेडच अडला.

"बाई, ही छत्री नाही, तंबू आहे," कारागीर प्रामाणिकपणे म्हणाला.

"तंबूच हवाय मला," माई म्हणाली. "वस्ती दाखवायला पाहुणे घेऊन जाते मी. वळणावर मागचे निम्मे गायब होतात हो!"

त्या दिवसापासून मी माईच्या हातात आले. ऊन असो, पाऊस असो, काहीही नसो, ती मला डोक्यावर उंच धरून चाले. बस थांब्यावर पाहुणे गोळा झाले की ती आधी बजावायची, "आमच्याकडे दारं उघडी असतात. म्हणजे आत डोकवायचं आमंत्रण नव्हे. कुणी मासे निवडत बसलं असेल, तर फोटो विचारून काढा. आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. तो मागून येतो."

मग आम्ही निघायचो. मासळीबाजार ती सकाळी दाखवत नसे. "सकाळी ते कामात असतात. दुपारी जाऊ, म्हणजे शिव्या कमी खाव्या लागतील." बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत ती सगळ्यांना हाताने चाचपायला लावी. कडक उन्हातही ती भिंत गार असे. जाळी विणणाऱ्यांच्या गल्लीत ती आवाज खाली आणे, कारण तिथे रात्रभर समुद्रावर राबलेली माणसे दिवसा झोपत. पुढे बोटी बांधण्याचे आवार. तिथे टेकू लावून उभ्या केलेल्या अर्धवट बोटी असत, लाकडाच्या भुशाचा वास असे, आणि शेवटच्या शेडमध्ये माईची लेक असे.

लेक बोटींची इंजिने दुरुस्त करायची. कोपरापर्यंत हात काळे आणि तोंडाने फटकळ. आम्ही दिसलो की ती ओरडे, "आली माझ्या आईची वरात!" पाहुणे हसत. माई खोटे खोटे रागावे. मला ती जागा फार आवडे.

सगळ्यांत शेवटी दीपगृह. तिथे जायला समुद्रातून खडकांची वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. माईने धक्क्यावरून पाणी एकदा नीट न्याहाळल्याशिवाय त्या वाटेवर कधी पाऊल टाकले नाही. वस्तीतले म्हणत, समुद्र माईला विचारून येतो-जातो. लोक तिचे कौतुक करत, आणि थोडेसे कौतुक माझ्याही वाट्याला येई.

मित्रांनो, पुढचे सांगताना मला जड जाते.

आधी फक्त शब्द हरवू लागले. माई 'बर्फ' म्हणायला जाई आणि शब्द जिभेवर येतच नसे. ती हसून वेळ मारून नेई. मग एकदा, बर्फाच्या कारखान्याजवळ जिथे गल्ली दुभंगते, तिथे ती थांबली. "जरा वारा खा," ती पाहुण्यांना म्हणाली. पाहुण्यांना ते साधे वाटले. पण माझी मूठ तिच्या तळहातात होती. तो तळहात घामाने ओला झाला होता. कुठे वळायचे, ते तिला आठवत नव्हते. जिथे ती जन्मली, जिथला खडान्‌खडा तिला ठाऊक, तिथे ती परक्यासारखी उभी होती. मला ते कळत होते आणि मला बोलता येत नव्हते.

ती हे कोणालाच सांगत नसे. लेकीला तर मुळीच नाही. घरी चहात साखरेऐवजी मीठ पडले, तर म्हणायची, "डबेच सारखे आणलेस तू!" लेक डबे बदलून आणायची. तिलाही खरे कारण बघायचे नव्हते, असे मला वाटते.

मग तो दिवस आला. पाहुण्यांमध्ये एक आजोबा होते, त्यांची सून होती आणि तिची छोटी मुलगी होती. आणखीही काही जण होते. आकाश भरून आले होते. माई धक्क्यावर थांबली, पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ओहोटी लागलीय. चला."

पाणी चढत होते.

आवारातल्या सुताराने वरून हाक मारली, "माई, आज उशीर नाही ना झाला?"

"मला शिकवतोस होय रे? तू रांगत होतास, तेव्हापासून जातेय मी या वाटेनं!"

सुतार ओशाळून हसला आणि रंधा मारू लागला. माईला कोण अडवणार?

आम्ही वाटेच्या मध्यावर पोचलो आणि पुढचे खडक दिसेनासे झाले. आजोबा म्हणाले, "अहो माई, परत फिरू या." माई वळली, पण मागचेही खडक बुडत चालले होते. लाट आली आणि सगळ्यांच्या घोट्यांवरून गेली. मुलगी रडायला लागली. सून ओरडली, "कुठून जायचं ते सांगा ना!"

माईने एका बाजूला पाहिले, मग दुसऱ्या बाजूला. तिचे ओठ हलले. "घर..." ती म्हणाली, "घर कुठल्या बाजूला आहे हो?"

 पाहुण्यांना वस्ती दाखवणारी बाई त्यांनाच घर विचारत होती.

सुनेने मला माईच्या हातातून ओढून घेतले आणि डोक्यावर गरागरा हलवायला सुरुवात केली. वाऱ्याने मला उलटे केले. माझी एक काडी कडकन मोडली, कापड टरकले. तरी ती मला हलवत राहिली. आजोबांनी नातीला खांद्यावर घेतले. पाणी गुडघ्यांना लागले. माई मात्र शांत उभी होती आणि त्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

आवारातून आरडाओरडा ऐकू आला. मग इंजिनाचा आवाज. लेकीने नुकतीच दुरुस्त केलेली बोट पाण्यात लोटली होती, आणि सुतार तिच्याबरोबर होता. त्यांनी एकेकाला ओढून बोटीत घेतले. आजोबा खडकावरून घसरले आणि त्यांचे मनगट मोडले, पण जीव सगळ्यांचे वाचले. माईला वर घेताना लेक किंचाळली, "आई, तुला दिसत नव्हतं का पाणी?"

"ओहोटी होती गं," माई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ओहोटीच होती."

त्यानंतर पाहुण्यांना फिरवण्याचा माईचा परवाना काढून घेतला गेला. त्यात अन्याय नव्हता. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. लेकीने मला कपाटामागे ढकलून दिले. तिथे अंधार होता आणि कोळ्यांनी माझ्या काड्यांत संसार थाटले. रोज मला माईचा आवाज ऐकू येई, "माझी छत्री कुठंय?"

"दुरुस्तीला दिलीय, आई."

"खोटं बोलतेस. तुझे कान लाल झालेत. तुझ्या बापाचेही असेच व्हायचे."

इतके आठवत होते तिला, मित्रांनो, आणि सकाळी आपण जेवलो की नाही ते आठवत नव्हते.

एके दुपारी शेजारीण धावत आली आणि लेकीला सांगू लागली. माई बस थांब्यावर उभी होती. माझ्याऐवजी तिने घरातला झाडू उंच धरला होता. "दारं उघडी असतात, म्हणजे आमंत्रण नव्हे," असे ती अनोळखी लोकांना सांगत होती, आणि लोक हसत होते. लेक तिला घेऊन घरी आली. माईला निजवून ती कपाटाला टेकून जमिनीवर बसली आणि बराच वेळ रडली. मग तिने हात घालून मला बाहेर काढले. इंजिनाच्या कामातली तार आणली, माझी मोडकी काडी बांधली आणि फाटके कापड जाड दोऱ्याने शिवले. टाके वेडेवाकडे होते. इंजिन शिवत नाहीत ना कधी!

आता रोज संध्याकाळी शेड बंद करून लेक घरी येते आणि म्हणते, "चल, वस्ती दाखव मला." माई मला धरते आणि लेक माईचा हात धरते. बोटींच्या आवारापाशी आले की लेक हळूच वळण घेते. खडकांच्या वाटेकडे आम्ही जात नाही.

परवा त्या वळणावर माई थांबली. लेकीकडे निरखून पाहत तिने विचारले, "तुम्ही कुठल्या?"

लेकीचा हात माझ्या दांड्यावर आला.  "इथलीच आहे मी," ती म्हणाली.

"मग तुम्हाला काय नवीन दाखवणार?"

"सगळंच. अगदी पहिल्यापासून."

माई खूश झाली. आम्ही पुन्हा बस थांब्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, समुद्राकाठी कुठे जाल, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. सांगणारा कितीही जाणता असला, तरी आणखी एकाला विचारा. त्याने कोणाचा अपमान होत नाही. आमच्या सुताराने त्या दिवशी आणखी एकदा विचारले असते, तर बरे झाले असते. आणि कधी तुम्हांला टाके घातलेली एक फिकट पिवळी छत्री आणि तिच्याखाली दोघी जणी दिसल्या, तर हसू नका. थोरलीला वाट विचारा. ती उत्साहाने सांगेल, आणि बहुधा चुकीची सांगेल. तिचे आभार माना. मग तिच्या लेकीकडे बघा. खरी वाट ती तुम्हांला डोळ्यांनी दाखवेल.