मुरलेलं पाणी

"अगं, इकडे ये जरा."

हाक ऐकली आणि मावशी हातातला आमटीचा डाव तसाच टाकून बाहेर धावल्या. हाकेतले शब्द साधेच होते, पण आवाज हळू होता. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा आवाज कधीच हळू नसायचा. छापखान्यातल्या यंत्राशेजारी आयुष्य काढून त्यांचे कान गेले होते, आणि तेव्हापासून ते घोटभर पाणी मागत तेही शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

काका बहिणीकडून दोन दिवस राहून नुकतेच परतले होते. पायात बूट तसेच, पिशवी खांद्यालाच. ते माशांच्या टाकीसमोर उभे होते. टाकीतले जवळजवळ सगळे मासे वर पाण्याच्या कडेला जमले होते आणि तोंडं उघडून उघडून हवा मागत होते. त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. काका ज्याला कौतुकाने 'साहेब' म्हणत, तो मोठा निळा मासा तळाशी आडवा पडला होता.

"काल तर बरे होते हो," मावशी म्हणाल्या. मग काकांना ओठ दिसायला हवेत हे आठवून त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणाल्या, "काल बरे होते!"

"खायला काय घातलंस?"

"तुम्ही सांगून गेलात तेवढंच. चिमूटभर."

काकांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब सोडले. पाणी चांगलं असलं की नळी पिवळी राहते, एवढं बघून बघून मावशींनाही कळू लागलं होतं. नळी हिरवी झाली. गर्द, शेवाळासारखी. काकांनी ती उजेडात धरली, ओतून दिली, पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच.

"असं कसं होईल? टाकी तर मुरली होती."

'मुरली' हा शब्द त्या घरात नवा नव्हता. कान गेले, कामावरून घरी बसावं लागलं, तेव्हापासून काकांनी माणसांत जाणंच सोडलं होतं. दर वाक्याला "काय? काय म्हणालात?" विचारायची त्यांना लाज वाटे. भिंतीकडे तोंड करून बसत. मग एके दिवशी ते केस कापायला गेले, सलूनमधली माशांची टाकी बघत बसले, आणि आठवडाभरात तशीच टाकी घरी घेऊन आले. पण मासे नाहीत! नुसतं पाणी, त्यात घुमणारा फिल्टर, आणि काका रोज त्या रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकतायत.

"काका, मासे फिरायला गेले का?" शेजारी विचारत.

काका मोठमोठ्याने समजावत. माशांच्या घाणीतून, कुजलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो त्यांना विषासारखा. तो खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजवर आणि त्याच्या आतल्या मातीच्या कड्यांवर वाढतात. ते वस्तीला येईपर्यंत टाकी मुरवायची, मासे सोडायचे नाहीत. "जंतू पाळतोय मी, जंतू!"

मावशी भांडी आपटत "हो, हो" म्हणत. जंतू पाळायचे म्हणे! त्यांची उभी हयात जंतू मारण्यात गेली होती. हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं धुवून, उकळून, वाफेत घालून निर्जंतुक करायचं त्यांचं काम. मावशींच्या हातची कात्री डोळे झाकून घ्यावी, असं डॉक्टर म्हणत. नर्सा पाठीमागे त्यांना 'फिनेल मावशी' म्हणत, आणि ते कानावर आलं तरी मावशींना त्याचा अभिमानच वाटे.

पुढे टाकी मुरली, मासे आले, आणि काका बदलले. सकाळी उठून दाढी करू लागले. माशांशी गप्पा मारू लागले. "यांच्याशी बोलताना 'काय?' म्हणावं लागत नाही," असं म्हणून स्वतःच हसले, तेव्हा मावशी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या होत्या.

आता काकांनी फिल्टरचं झाकण काढलं. आतला स्पंज दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. कड्या दातांसारख्या पांढऱ्याशुभ्र. काकांनी स्पंज नाकाशी नेला.

"हे तू धुतलंस?"

मावशींनी मान डोलावली. काका गेले त्याच दिवशी त्यांनी फिल्टर उघडला होता. आतला तपकिरी, बुळबुळीत थर बघून त्यांनी नाकाला पदर लावला होता. आल्या आल्या ते बघतील, खूश होतील, म्हणून त्यांनी सगळं उकळत्या पाण्यात टाकलं, ब्लीचिंग पावडर लावली, ब्रशने घासलं, वास जाईपर्यंत खळबळून काढलं. दोन दिवस त्या शाबासकीची वाट बघत होत्या.

"घाण साचली होती हो," त्या म्हणाल्या. "आम्ही तिकडे करतो तसं... उकळून..."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले, हातातल्या स्पंजकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळे गेले."

"नाही हो, वरचे जिवंत आहेत अजून, बघा ना..." मावशी बोलू लागल्या आणि मध्येच थांबल्या. काका माशांबद्दल बोलत नव्हते.

इतके महिने हा माणूस घसा फोडून सांगत होता. कान त्याचे गेले होते आणि ऐकलं आपण नव्हतं.

काका उठले. टाकीतलं पाणी उपसून साठवून ठेवलेलं पाणी बादलीने भरू लागले. "हे तात्पुरतं," ते स्वतःशीच म्हणाले. "पुन्हा मुरायला महिना जाईल. तोवर हे कुठले टिकतात!"

मावशींना एकदम आठवलं. टाकी नवी असताना काका म्हणाले होते, कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला असता, तर लवकर मुरली असती. मिळाला असता. पण मागायला गेले नव्हते. समोरच्याचं उत्तर ऐकू आलं नसतं म्हणून.

मावशींनी झाकणाचा डबा उचलला आणि चपला सरकवून निघाल्या.

सलून भरलेलं होतं. सगळी पुरुषमंडळी, एकाच्या गालाला फेस, एकाच्या मानेवर मशीन. आरशांखालची ती टाकी जुनी, काचेवर हिरवट थर. येता-जाता मावशी तिच्याकडे बघून नाक मुरडत.

"तुमच्या टाकीतली घाण हवी होती," धापा टाकत त्या म्हणाल्या.

वस्तरा हवेतच थांबला. "काय हवंय, मावशी?"

"घाण! फिल्टरमधली. मी आमचा फिल्टर धुतला. उकळून."

कुणीतरी हसलं. सलूनवाला हसला नाही. "अरे देवा! उकळून?" त्याने गिऱ्हाइकाला "थांबा दोन मिनिटं" म्हटलं, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, स्पंज काढला आणि वस्तऱ्याने मधोमध कापला. अर्धा डब्यात ठेवून त्यावर टाकीतलंच पाणी ओतलं.

"मावशी, नळाचं पाणी लावू नका हं. त्यातल्या औषधाने जंतू मरतात."

"नाही लावणार. कळलंय मला."

घरी येईपर्यंत डबा त्यांनी छातीशी धरला होता. वाटेत झाकणातून तपकिरी ओघळ साडीवर उतरला, तो त्यांनी पुसला नाही. काकांसमोर डबा उघडला तेव्हा काका आधी डब्याकडे आणि मग साडीकडे बघत राहिले.

"कुणी दिलं?"

"मागून आणलं."

काकांनी अर्धा स्पंज फिल्टरमध्ये बसवला. उरलेलं पाणी ओतताच टाकीत तपकिरी ढग उठला आणि मासे दिसेनासे झाले. मावशी जवळच उभ्या राहिल्या.

साहेब गेला. त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून गेले. राहिले तीनच, तेही अगदी लहान. काकांनी त्यानंतर कितीतरी दिवस मावशींशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि मावशींनीही माफीबिफी मागितली नाही. ती कोणत्या शब्दांत मागायची, हेच त्यांना सुचलं नाही.

पुढे एका दुपारी नणंद आली. टाकी बघून म्हणाली, "दादा, एवढी मोठी टाकी आणि तीनच मासे? बाकीचे कुठे गेले?"

मावशी कपडे घडी करत होत्या. त्यांनी काकांना दिसेल असं तोंड वळवलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "माझ्या हातून गेले."

नणंद कधी भावाकडे, कधी वहिनीकडे बघू लागली.

"पाणी कच्चं होतं," काका म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. मग मावशींकडे बघत टाकीसमोरच्या बाकावर ते थोडे बाजूला सरकले आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून हात फिरवला.